बापाला फोनवर सांगितलेली भुताची गोष्ट

बीएच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक जुनी इंग्रजी भुताची गोष्ट अभ्यासाला होती. एक साहेब डोंगरावरच्या बंगल्यात एकटाच राहायला येतो. पहिल्याच दिवशी म्हातारा नोकर उत्तरेकडची खिडकी लावून घेतो आणि म्हणतो, "ही आम्ही उघडत नाही." दरीपलीकडे एक पडकं घर असतं. तिथं कोणी राहत नाही, पण रोज संध्याकाळी एक दिवा दिसतो. एके दिवशी साहेब ती खिडकी उघडून आपला दिवा तिथं ठेवतो. त्यानंतर पलीकडचा दिवा हळूहळू दरी उतरायला लागतो.

मॅडम ती गोष्ट वर्गात वाचून दाखवत होत्या, आधी इंग्रजीत, मग मराठीत समजावून. दिवा दरीत उतरला आणि मी कॉलेजात आहे हे विसरले. मॅडम वाक्य संपवून थांबल्या की मी "हं" म्हणत होते, चांगलं मोठ्याने, आणि मला ते कळतही नव्हतं. मागून एकजण म्हणाली, "मॅडम, ही फोनवर आहे वाटतं!" सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या, पण लगेच पुस्तकात बघायला लागल्या.

आमच्याकडे, सुरगाण्याच्या बाजूला, गोष्ट अशीच ऐकतात. सांगणारा एक वाक्य सांगून थांबतो आणि ऐकणाऱ्यांतल्या कोणीतरी हुंकार द्यायचा. हुंकार आला नाही तर गोष्ट तिथंच बंद. भाताची कापणी आटपली की आमचं घर दिंडोरीकडे द्राक्षबागांत मजुरीला जायचं. बागेच्या कडेला ताडपत्रीचं पाल. आई नागलीच्या भाकरी थापायची आणि बा, म्हणजे माझे वडील, भुतांच्या गोष्टी सांगायचा. हुंकार द्यायचं काम माझ्याकडे. मला पेंग आली की तो म्हणायचा, "हुंकार दे गं. मानसानं नाय दिला, तर दुसरंच कोनतरी देतं." मग कसली झोप! अजूनही कुठे फवारणीच्या औषधाचा वास आला की मला आधी भूत आठवतं आणि मग भाकरी.

इंग्रजी साहित्य हा विषय मी गोष्टींच्या ओढीनेच घेतला असावा. घरात कॉलेजात गेलेलं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे घ्यावा की नाही हे विचारणार तरी कोणाला? वर्ग हसला त्या दिवशी मात्र वाटलं, हे आपलं काम नाही. भूगोल घ्यावा, तिथं नकाशे काढायचे, फार बोलावं लागत नाही. विषय बदलायला शनिवारपर्यंत मुदत होती. पण शुक्रवारी प्रत्येकाने त्या गोष्टीच्या रचनेवर वर्गासमोर बोलायचं होतं. कथानक कसं बांधलंय, सस्पेन्स कुठून सुरू होतो, फोरशॅडोइंग कुठे आहे. फोरशॅडोइंग म्हणजे पुढे जे घडणार त्याची आधीच दिलेली चाहूल, एवढं मी गाइडमधून पाठ केलं होतं. गोष्टीत ती नेमकी कुठे आहे, ते काही सापडत नव्हतं. शुक्रवारी वर्गात जायचंच नाही, असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी होस्टेलच्या गच्चीवरून बाला फोन केला. तो तेव्हाही बागेतच होता, घडांच्या विरळणीच्या कामावर.

"बा, मी विषय बदलते."

"का? कोन काय बोललं?"

"नाय. एक भुताची गोष्ट हाय, ती समजत नाय."

तो हसायलाच लागला. "भुताची गोष्ट, आन् तुला समजत नाय? सांग बरं मला."

मी सांगायला लागले. पलीकडून "हं", "हं" येत होतं. मी कधी बाला गोष्ट सांगितलीच नव्हती. साहेबाने खिडकी उघडली आणि हुंकार थांबला. मला वाटलं, रेंज गेली.

"बा?"

"हाय, हाय. म्हाताऱ्यानं ती लावली ना, तवाच मला वाटलं, हा सायेब ती उघडनार. नायतर लावायची कशाला? हां, पुढं."

म्हणजे गाइडमधली चाहूल ती हीच! मग शेवट सांगितला. सकाळी बंगला रिकामा असतो आणि संध्याकाळी दरीपलीकडे दोन दिवे दिसतात.

"मग?"

"संपली."

"अशी कशी संपली? भगत नाय बोलावला? कोंबडं नाय दिलं?"

"इंग्रजी गोष्ट हाय, बा."

"मग? सायबाकडं कोंबड्या नसत्यात का?"

मागून आई ओरडली, "पोरीला अभ्यास करू द्या तुमी!"

शुक्रवारी मी बोलले. बरंचसं मराठीत, मध्येच इंग्रजी शब्द अडखळत. म्हटलं, लावलेली खिडकी हीच चाहूल आहे. आणि म्हटलं, आमच्याकडे भुताची गोष्ट भुताचं मागणं पुरं करून, त्याला जागेवर बसवूनच संपते. या लेखकाने तसं केलेलं नाही, म्हणून गोष्ट संपली तरी भीती ऐकणाऱ्याजवळ राहते. हे बरोबर होतं का, मला अजूनही खात्री नाही.

मॅडमनी विचारलं, "हे कुठल्या गाइडमध्ये आहे?"

मला वाटलं, चुकलं. "कुठेच नाही, मॅडम."

"मग लिहून आण. मला वाचायचंय."

शनिवारी तरीही मी ऑफिससमोरच्या रांगेत जाऊन उभी राहिले. पुढे सरकत होते आणि मनात शेवटाबद्दल काय लिहायचं त्याची वाक्यं जुळवत होते. माझ्या पुढे दोघीच उरल्या तेव्हा मी रांगेतून बाहेर पडले.

संध्याकाळी बाला कळवलं की विषय बदलला नाही. विषय बदलणं म्हणजे काय, हे त्याला आधीही नीट कळलं नसावं.

"वरीस वाया नाय ना जायाचं?" त्याने विचारलं.

"नाय."

"मग ऱ्हा तिथंच."