भोंग्याच्या घरी लव्हबर्ड

बाई कोर्टात स्टेनो होत्या. बत्तीस वर्षं साक्षीदार बोलले, वकील बोलले, न्यायाधीश बोलले आणि बाईंनी ते सगळं लघुलिपीत उतरवून घेतलं. स्वतः तोंड उघडायची वेळ तिथे क्वचितच यायची. घरीही यायची नाही, कारण घरी दादा असायचे.

दादा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ. फळांच्या घाऊक बाजारात ते लिलाव पुकारायचे. पेट्यांच्या थप्पीवर उभं राहून ते एका दमात असे आकडे फेकायचे, की नवख्या व्यापाऱ्याला आपण बोली लावली की नुसती मान खाजवली हेच कळायचं नाही. बाजारात त्यांना सगळे भोंगा म्हणायचे. त्यांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. बाईंनी लग्न केलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत भाऊबहीण राहायचे. दादा बोलायचे, बाई ऐकायच्या, आणि दोघांनाही ते बरं पडायचं.

बाई निवृत्त झाल्या त्याच्या पुढच्या वर्षी, एका सकाळी दाढी करताना दादांच्या हातातून रेझर गळून पडलं. ते उचलायला वाकले आणि तिथेच बसले. दवाखान्यातून घरी यायला पाच आठवडे लागले. उजवा पाय काठीच्या आधाराने चालू लागला, उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा. आणि वाचा गेली.

अगदीच गेली असंही नाही. ऐकलेलं सगळं कळायचं. ‘हो’, ‘नाही’ यायचं. एक-दोन-तीन असे आकडे ओळीने म्हणता यायचे. बाकी काहीही बोलायला गेलं की तोंडातून एकच शब्द निघायचा, ‘चला’. चहा हवा असला तरी चला, डोकं दुखलं तरी चला. चुकीचा शब्द बाहेर पडलेला त्यांना कळायचा, मग ते मान फिरवून खिडकीकडे बघत बसायचे.

बाजारातले लोक पहिला महिना भेटायला आले. ते दादांशी मोठ्याने आणि सावकाश बोलायचे, जणू माणूस बहिरा झालाय. फिजिओथेरपिस्ट मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या आणि उजव्या हाताने दाबायला मऊ चेंडू द्यायच्या. “शाब्बास हं दादा, छान हं दादा,” असं म्हणत राहायच्या. दादा डाव्या हाताने तो चेंडू पलंगाखाली भिरकावून द्यायचे. बाई स्वतः तर घरात पावलंही न वाजवता चालायच्या. काचेचं सामान आणून ठेवावं तसं घर झालं होतं.

“पोपट पाळा,” खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंनी सुचवलं. “बोलणारा घ्या. तो बोलेल तसे दादाही बोलतील.”

बाईंनी ते मनात ठेवलं. पुढच्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या बेसिनचा पाइप गळायला लागला म्हणून प्लंबर आला. तो बेसिनखाली आडवा झाला तेव्हा त्याच्या खांद्यावर पांढरे वाळलेले डाग दिसले आणि कॉलरला एक पिवळं पीस अडकलेलं.

“तुमच्याकडे पक्षी आहेत का हो?” बाईंनी विचारलं.

“चौऱ्याऐंशी,” बेसिनखालून आवाज आला. “का?”

बाईंनी सांगितलं. प्लंबर पान्यासकट बाहेर आला, उठून बसला.

“बोलणारा पोपट घ्यायची घाई करू नका,” तो म्हणाला. “आधी या, बघा, बसा. नवरा निवडताना लोक एवढं बघत नाहीत ते सोडा, पण पक्ष्याला घटस्फोट देता येत नाही. लोक परत आणून देतात, तेव्हा अर्धी पिसं उपटलेली असतात त्याने.”

त्या शनिवारी बाई त्याच्या गच्चीवर गेल्या. कामातून उरलेल्या पाइपांची चौकट आणि वर जाळी असे त्याने माणूस आत उभा राहील एवढे पिंजरे बांधले होते. प्लंबरने एक स्टूल दिलं. बाईंनी पिशवीतून वही आणि पेन्सिल काढली. मग ओळीने आठ शनिवार त्या तिथे जाऊन बसल्या.

लिहायची सवय कोर्टाची, त्यामुळे नोंदीही तशाच उतरल्या. बजरिगर या चिमुकल्या रंगीत पोपटांबद्दल लिहिलं: कायम सात-आठजण एकत्र, एकाच वेळी बोलतात, कुणी कुणाचं ऐकत नाही. स्वभाव आनंदी, पण हात किंचित थरथरला तरी पळ काढतात. दादांचा हात थरथरायचा. बाईंनी पुढे फुली मारली.

सन कॉन्यूरबद्दल लिहिलं: दिसायला जळता निखारा. खांद्यावर चढून केसांत तोंड खुपसतो. माया भरपूर. ओरडला की समोरच्या गच्चीवरचे कपडे वाळत घालणारे दचकतात. फुली.

पांढरा काकाकुवा पाच मिनिटं लाड करून घ्यायचा आणि माणूस उठला की गळा काढायचा. “हा म्हणजे सासरी न नांदणारी लेक,” प्लंबर म्हणाला. “दिवसातले चार तास याला मांडीवर घेऊन बसणार असाल तर न्या.” फुली.

लव्हबर्डच्या पिंजऱ्याशी बाई फार थांबल्याच नाहीत. हिरवी, केशरी तोंडाची एक मादी वेगळ्या पिंजऱ्यात ठेवली होती, कारण तिने दोन नरांचे पाय चावले होते. बाईंनी जाळीजवळ बोट नेलं तशी ती चोच वासून धावत आली.

“हिला लव्हबर्ड कोण म्हणेल?” बाई बोट मागे घेत म्हणाल्या.

“नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा,” प्लंबर म्हणाला. “तरी भित्री नाही, हे तिच्या बाजूने लिहा.”

बाईंनी लिहिलं नाही.

खरा प्रश्न होता तो करड्या आफ्रिकन पोपटाचा. सगळ्यांत हुशार, सगळ्यांत स्वच्छ बोलणारा. गच्चीवर एकच होता, कुणीतरी परत केलेला. तो आधी खोकला. मग नळ ठिबकल्याचा आवाज काढला. आणि मग कुठल्याशा थकलेल्या बाईच्या आवाजात म्हणाला, “आता तरी बस कर.”

“हे कुणी शिकवलं?” बाईंनी विचारलं.

“कुणीच नाही. हा शब्द शिकत नाही बाई, घर शिकतो. ज्यात जीव ओतून बोललं जातं ते बरोब्बर उचलतो.” प्लंबरने पोपटाच्या वाटीत दाणे टाकले. “राग मानू नका. तुमच्याकडे हा काय ऐकेल? दादा दिवसभर ज्या शब्दाशी झटतात तोच ना? महिन्याभरात हा तो शब्द त्यांच्याच आवाजात त्यांना ऐकवायला लागेल. शिवाय पन्नास वर्षं जगतो. तुमच्या मागे कोण बघणार?”

बाईंनी त्या दिवशी करड्या पोपटापुढे काहीच लिहिलं नाही. वही मिटून पिशवीत टाकली.

आठव्या शनिवारी निकाल लागला. कॉकाटील. राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा, गालावर नारिंगी ठिपका असलेला एक नर. शीळ घालतो, बोलत नाही. मान खाली घालून खाजवून घेतो. थरथरत्या हातावरही शांत बसतो. बाईंनी त्याच्यासाठी पिंजरा आणला, राळे आणले, आणि दादांना रिक्षाने प्लंबरच्या घरी नेलं. गच्चीचे जिने चढायला वीस मिनिटं लागली.

प्लंबरने कॉकाटील दादांच्या उजव्या मनगटावर ठेवला. तो बसला. एक शीळ घातली, मान लववली. दादांनी डाव्या बोटाने त्याचा तुरा खाजवला आणि बाईंकडे बघून, आपल्याला आवडत नसलेल्या पाहुण्यांकडे बघून हसावं तसं हसले.

“छान आहे ना रे?” बाई म्हणाल्या. “अगदी गरीब आहे.”

दादा उठले आणि काठी टेकत पिंजऱ्यांच्या ओळीतून निघाले. लव्हबर्डच्या पिंजऱ्याशी पोचले, आणि बाई “अरे, नको” म्हणेपर्यंत त्यांनी डावं बोट जाळीतून आत घातलं होतं. ती धावत आली आणि कडाडून चावली.

दादा हसले. गेल्या नऊ महिन्यांत बाईंनी ते हसणं ऐकलं नव्हतं. छातीतून येणारं, बाजारात तीन गाळे ओलांडून ऐकू जायचं ते. बोटातून रक्त येत होतं.

“दादा, मागे हो! गोळ्या चालू आहेत तुझ्या, रक्त थांबत नाही लवकर,” बाई धावल्या. “चल, तो कॉकाटील घेऊन जाऊ.”

“नाही.”

“अरे, ही चावते.”

“हो.”

“रोज चावेल.”

“हो!”

“मी आठ शनिवार इथे येऊन बसले,” बाईंचा आवाज चढला. स्वतःचाच चढलेला आवाज त्यांना अनोळखी वाटला. “सगळं लिहून काढलं तुझ्यासाठी. आणि तू सगळ्यांत वाईट निवडतोस!”

दादांचा चेहरा लाल झाला. “च... चला,” ते म्हणाले, आणि चुकीचं आलं म्हणून त्यांनी मान झटकली. पण या वेळी मान फिरवून बघायला खिडकी नव्हती. त्यांनी लव्हबर्डकडे बोट दाखवलं, सरळ उभे राहिले आणि पूर्वीच्या आवाजात पुकारलं, “एक! दोन! तीन!” तीनबरोबर काठी फरशीवर आपटली.

गच्चीवरचे चौऱ्याऐंशी पक्षी एकदम गप्प झाले.

“झालं बाई,” प्लंबर म्हणाला. “माल गेला.”

कॉकाटीलसाठी आणलेल्या पिंजऱ्यात लव्हबर्ड आली. घरी बोटाला कापूस बांधला तोही घट्ट. दोन दिवस त्या धुसफुसत राहिल्या. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता त्यांच्या लक्षात आलं, की आपण दोन दिवस दादांशी चक्क रागाने वागतोय, दारं आपटतोय, आणि दादा मात्र मजेत जेवतायत, दोनदा तर वाढून घेतलं. सगळ्यांनी नऊ महिने त्यांना मऊ चेंडूसारखं धरलं होतं. त्या पक्षिणीला ते आजारी आहेत हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आठ शनिवारांत, बाईंना आठवलं, आपण प्लंबरला विचारलं, शिवणवाल्या काकूंना विचारलं, पुस्तकं चाळली. ज्याची साक्ष घ्यायची त्यालाच तेवढं बोलावलं नाही.

“चुकलंच माझं,” त्या हात पुसत बाहेर येऊन म्हणाल्या. दादांनी शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

बाईंच्या नोंदी चुकीच्या नव्हत्या. ती चावायची. बाईंना जास्त, कारण दादांच्या जवळ येणारी प्रत्येक बाई तिला सवत वाटायची. बाई तिला कैदाशीण म्हणायला लागल्या आणि तेच नाव पडलं. फिजिओथेरपिस्ट मॅडमच्या कानातलं तिने ओढलं. बाईंच्या चष्म्याची दोरी कुरतडली. दुपारी मात्र दादांच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये शिरून झोपायची.

तिला कागदाचं वेड होतं. वर्तमानपत्राच्या कडेने चोच चालवत लांब, सरळ पट्टी कापायची आणि शेपटीजवळच्या पिसांत खोचून डौलात निघायची. पट्ट्या वाटेत गळून पडायच्या, मग पुन्हा सुरुवात. दादा तिला पट्ट्या फाडून द्यायला लागले. एका हाताने कागद फाटत नाही. डाव्या हाताने ओढायचा तर दुसरीकडून कुणीतरी धरायला हवा. पहिले काही दिवस त्यांनी गुडघ्याखाली दाबून पाहिला. मग उजवा हात उचलून कागदावर ठेवला, नुसता वजनासारखा. तीनेक आठवड्यांनी त्या हाताचा अंगठा कागदावर मिटला.

मॅडमनी ते पाहिलं आणि पिशवीतून चेंडू काढलाच नाही. “रोज अर्धं वर्तमानपत्र फाडा,” एवढंच म्हणाल्या. या वेळी शाब्बास म्हणाल्या नाहीत, कारण कैदाशीण त्यांच्याकडे रोखून बघत होती.

वाचेचं म्हणाल तर चमत्कार काही झाला नाही. ज्या दिवशी तिने चहाची कपबशी लोटून दिली, त्या दिवशी दादांच्या तोंडून पहिला नवा शब्द निघाला, “गप!” दुसरा शब्द म्हणजे बाजारातली एक अस्सल शिवी होती, ती बाईंनी लिहून ठेवली पण कुणाला वाचून दाखवली नाही. वर्षभरात तीसएक शब्द झाले. वाक्य जुळत नव्हतं, पण शब्द आणि बोट मिळून काम भागायचं. एकदा ते काठी घेऊन बाजारात जाऊन आले. कॉलरमधून केशरी तोंड बाहेर काढून ती व्यापाऱ्यांवर ओरडत होती, आणि लोक दादांशी नेहमीच्या आवाजात, तिच्या खोड्यांबद्दल बोलत होते.

दुसऱ्या वर्षी कोर्टातल्या जुन्या टायपिस्ट मैत्रिणीने बाईंना चार दिवस राहायला बोलावलं. दादांना एकटं सोडून बाई इतक्या दिवसांत कुठे गेल्या नव्हत्या. शिवणवाल्या काकू दोन वेळा डबा देणार होत्या. तरी बाईंनी निघताना राळ्याचा डबा, गोळ्या, कापूस, तुरटी सगळं ओळीने मांडून ठेवलं. दादांनी दाराकडे बोट दाखवलं. “जा.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैत्रिणीच्या घरून बाईंनी फोन लावला. दादा आजारपणानंतर कधी फोन घ्यायचे नाहीत, समोर माणूस नसला की बोट दाखवता येत नाही म्हणून. घंटा बराच वेळ वाजली. मग कुणीतरी उचलला, आणि आधी कर्कश किंचाळणं ऐकू आलं.

“दादा? ती जेवली का रे?”

पलीकडे श्वास ऐकू येत राहिला. बाई थांबल्या. थांबायची त्यांना बत्तीस वर्षांची सवय होती.

“जेवली,” दादा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “मी... पण.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “मग मी रविवारपर्यंत राहू का?”

“राहा,” दादा म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.