टोपणाला पेन

माझ्या वडिलांना सहीपुरतंच लिहिता यायचं, पण सदऱ्याच्या खिशाला मरून रंगाचा शाईचा पेन कायम असायचा. लातूरच्या बसस्टँडवर कुणी ना कुणी तो मागायचंच. वडील द्यायचे, मात्र टोपण काढून स्वतःजवळ ठेवायचे. टोपण आपल्या हातात असलं की पेन परत येतो, असा त्यांचा विश्वास.

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. पंचनामा लिहिणाऱ्या साहेबांचा पेन चालेना, म्हणून वडिलांनी आपला दिला. साहेबांना पुढच्या गावाला जायची घाई होती. जीप गेली, तिच्यासोबत पेनही गेला. टोपण राहिलं. वडिलांनी ते एकटंच खिशाला लावलं आणि कुणी पेन मागितला की सांगायला लागले, "शाई संपली हाय."

घरातला पहिला पदवीधर मी. नांदेडला मास्तर झालो, तेव्हा मनात एकच होतं. ज्यांनी मला शिकवलं, त्यांच्या टोपणाला पेन मिळवून द्यायचा. नमुन्यासाठी टोपण मागितलं तर वडील म्हणाले, "पेन गेला, आता ह्येबी घालवतो का?" मग काय, नुसत्या आठवणीवर जुने मरून पेन घ्यायचे, सुट्टीत घरी न्यायचे आणि वडिलांसमोर लावून बघायचे. आटे जुळायचे नाहीत. दुकानात परत द्यायला मन होत नसे. असा माझा संग्रह झाला.

नांदेडला पेन दुरुस्त करणारे एक चाचा होते. ते म्हणायचे, "मास्तर, लोक पेनला टोपण शोधतात. तुम्ही टोपणाला पेन शोधून राहिले."

पुढे माझी लातूरला बदली झाली आणि आई-वडील आमच्याकडे राहायला आले. शहरात शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. आम्हीही वरच्या खोल्या शिकायला आलेल्या मुलींना दिल्या. पेन ठेवायला आईने गोधडीच्या तुकड्यावर उभे खिसे शिवले. मी प्रत्येक पेन धुऊन, वाळवून, निब वर करून त्यात ठेवायचो. आई मागून ज्वारीत घालतात तसा कडुलिंबाचा पाला खोचायची. शाईला कीड लागत नाही, हे तिला पटलं नाही.

एका मुलीने विचारलं, "आजी, यात चमचे ठेवता का?"

"हाव, मास्तरचे चमचे हायत. पोट तेवढं भरत न्हाई."

शेवटी देगलूरच्या एका बंद होणाऱ्या दुकानात एक मरून पेन मिळाला. वडिलांनी टोपण फिरवलं. उघडलं, पुन्हा फिरवलं. "बसलं," एवढंच म्हणाले. मी शाई भरून दिली.

दुसऱ्या दिवशी जळकोटकडचे एक शेतकरी मुलीला खोली बघायला आले. क्लासचा फॉर्म भरायचा होता.

"पाव्हणं, जरा पेन देता का?"

वडिलांनी खिशावर हात ठेवला. "शाई संपली हाय."

आईने त्यांच्या बोटांखाली पसरत चाललेला निळा डाग पाहिला. "संपली कशी म्हन्ता? समदी सदऱ्यात उतरून राहिली."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मग सावकाश टोपण काढलं, पेन पाहुण्यांच्या हातात दिला आणि टोपण मुठीत धरून दारात जाऊन उभे राहिले. फॉर्म भरून होईपर्यंत बाहेर जायला वाट नव्हती.