वेगळ्या ताटातले मोदक

माझे मोदक मेधाताईंनी वेगळ्या ताटात काढले. वर झाकण ठेवलं. म्हणाल्या, "हे मुलांना खायला होतील गं. नैवेद्याला बाकीचे पुरेत."

जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळ्यांत नाजूक कळ्या माझ्याच असायच्या. मी रत्नागिरीकडची, शेजारच्या काकूंच्या हाताखाली शिकलेली. आडनाव देशमुख. आडनाव कळलं की आपली माणसं बाकीचं स्वतःच ठरवून मोकळी होतात. मला कधी कुणी विचारलंच नाही.

मग बातमीत माझ्या भावाचं पूर्ण नाव आलं. रफिक देशमुख. दहशतवादी असल्याचा संशय.

रफिक एसी दुरुस्त करतो. इथून तासाभरावर, जंगलाआड, परदेशी सैन्याचा तळ आहे. ठेकेदारानं त्याला तिथं कामाला आणलं. आता तिथल्याच लष्करी तुरुंगात कोंडलाय. आरोप सांगत नाहीत. वकिलाला आत सोडत नाहीत. जर्मन पोलीस म्हणतात, तळ त्यांचा, आमचं तिथं चालत नाही. तो धड आहे का, एवढंही मला कुणी सांगत नाही.

मेधाताईंचे यजमान मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हे बघ, तुझं आइनब्युर्गरुंग चालू आहे. नागरिकत्व हातात पडू दे आधी. कुणी विचारलं तर लांबचा नातेवाईक म्हण. आल्झो, म्हणजे मंडळाचंही नाव आहे."

बायका ताटं लावत होत्या. सगळ्यांचे कान आमच्याकडे. माझ्या अंगाची आग झाली.

"अहो दादा, तो माझ्या पाठचा भाऊ आहे," मी मोठ्यानं म्हणाले. "सख्खा. त्याला कोंडलंय, आणि तुम्ही मला ओळख विसरायला सांगता?"

मेधाताई सारण ढवळत राहिल्या. मी हात धुतले आणि निघाले.

भीती वाटते. खूप वाटते. पण भावाला नाकारून मिळालेला पासपोर्ट काय चाटायचाय?

आता दर शनिवारी त्या तळाच्या फाटकासमोर उभी राहते. हातात पुठ्ठा, त्यावर रफिकचं नाव. पहारेकरी माझे फोटो काढतात. परवा घराखाली एक अनोळखी गाडी बराच वेळ थांबली होती. आत माणूस बसलेला.

या शनिवारीही जाणार. मला उचलायचं असेल तर तिथूनच उचला. दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत.