सहावा लेख

छापखान्यात त्याला सगळे ‘स्वल्पविराम’ म्हणत, आणि त्याला त्याचा रागही येत नसे. चोवीस वर्षं त्याने संगणकावर जाडजूड ग्रंथांची पानं जुळवली, त्यातही त्याचा खरा जीव संदर्भसूचीत. लेखकाच्या नावापुढे स्वल्पविराम, सालाभोवती कंस, नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत. असली उठाठेव दुसऱ्या कुणाला झेपत नसे.

शेवाळांवरचा तो ग्रंथ हाती आला तेव्हा तर स्वारी हवेतच होती. सूचीत त्याच्या दादाचे पाच लेख होते आणि ताईचा एक. दादा मोठा प्राध्यापक. ताईचा तो एकच लेख, सव्विसाव्या वर्षी छापून आलेला. त्याच वर्षी आईने अंथरूण धरलं आणि ताईची प्रयोगशाळा सुटली ती सुटलीच. पुढे तिने लग्न केलं नाही, शाळेत शिकवत राहिली.

“माझंही नाव येणार ना रे त्यात?” तिने दोनदा विचारलं होतं. तिने स्वतःसाठी आणखी काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं.

छपाईच्या आदल्या दिवशी सूची पाच ओळींनी पुढच्या फर्म्यात गेली. पाच ओळींपायी सोळा पानं वाढणार! व्यवस्थापक डोक्यावर येऊन बसले. त्याने सोपा उपाय केला. सगळ्या लेखकांची पहिली नावं काढून नुसती आद्याक्षरं ठेवली. सूची मुकाट जागेत बसली. संगणकाने एकही चूक दाखवली नाही, आणि याने पुन्हा एकदा सगळे स्वल्पविराम तपासले.

ताई-दादांचं आद्याक्षर एकच, आडनाव तर एक होतंच. एका लेखकाचे लेख ओळीने आले की दुसऱ्यापासून नावाऐवजी आडवी रेघ, हा नियमही त्यानेच संगणकाला लावून दिलेला.

रविवारी तो प्रत घेऊन ताईकडे गेला. दादाही आला होता. त्याने चष्मा चढवून आधी सूचीच काढली.

“अरे, सहा! माझे सहा लेख घेतलेत यांनी. मला तर पाचच आठवत होते.”

ताईने पुस्तक ओढून घेतलं. तिचं बोट रेघांवरून उतरत गेलं आणि चौथ्या रेघेशी, तिच्या त्या एकुलत्या लेखापाशी, थांबलं.

“खरंच की, सहा आहेत,” ती म्हणाली, आणि कपबश्या घेऊन आत गेली.

तो मागोमाग गेला. “ताई, चूक माझी आहे. शुद्धिपत्र छापतो, प्रत्येक प्रतीत चिकटवतो. दादालाही आत्ताच सांगतो.”

“राहू दे रे. इतक्या वर्षांनी कोण बघतंय?” ती धुतलेलीच बशी पुन्हा धूत होती.

त्याने आणखी एकदा म्हणायला हवं होतं. शुद्धिपत्राला चतकोर कागद पुरला असता, पण चूक कुणाची तेही छापखान्यात सगळ्यांना कळलं असतं. तो नुसतं “बरं” म्हणाला. ताईने नको म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं होतं, आणि ताई वारल्यापासून त्याला लाज वाटते ती याचीच.