अभिमन्यूची दोन मिनिटं

पूर्वेला तोंड केल्याशिवाय जो माणूस चहासुद्धा पीत नाही, त्याच्याशी संसार करून बघा, म्हणजे मी का चिडते ते कळेल.

आमचे हे, अवधूत गुरुजी. सोलापुरात सात रस्त्याच्या आतल्या बाजूला दत्ताचं लहानसं देऊळ आहे, तिथली पूजा सासऱ्यांनंतर यांच्याकडे आली. पूजा सकाळीच आटोपते. मग उरलेला दिवस पत्रिका: कुणाची करायची, कुणाची जुळवायची. माणूस सरळ. देवळात ठेवलेलं केळंसुद्धा विचारल्याशिवाय घरी आणायचा नाही. पण शकुन, अपशकुन, मांजर, पाल, शिंक, सगळं मानणार.

मी वैजयंती. कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. पत्रिकेवर माझा काडीचा विश्वास नाही. आमचे बत्तीस गुण जुळले होते आणि भांडण रोजचं आहे, यावरून काय ते समजा.

यांचा लॅपटॉप जुना, अगदी मुंगीच्या पावलांनी चालायचा. मी त्यात विंडोज काढून हलकं लिनक्स टाकून दिलं, तेव्हा कुठे तो पळायला लागला. यांचा हट्ट एकच, 'सगळं मराठीत दिसू दे.' मग काय, बटणांपासून सूचनांपर्यंत सगळं मराठीत करून दिलं. पत्रिकेचं सॉफ्टवेअर बसवलं. पंचांग आणि लॅपटॉप एका पिशवीत घालून हे मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, जिथून बोलावणं येईल तिथं एसटीनं जायला लागले.

आता गंमत बघा. लोकांच्या घरात प्लग नेमका भलत्याच भिंतीला असतो. यांना तर पूर्वेलाच तोंड पाहिजे, आणि वायर तिथवर पोचत नाही. मग हे काय करतात, तर गणपतीचं नाव घेऊन चार्जरची पिन उपटतात, पाट फिरवून बसतात आणि त्याच क्षणी पत्रिका उघडतात. मी एकदा म्हटलं, 'अहो, पश्चिमेला बसलं तर ग्रह काय पळून जातात?' म्हणाले, 'वैजू, तू तुझी लॅब बघ.'

रेश्मा माझ्या लॅबमधली जुनी विद्यार्थिनी. मोहोळला शाळेत शिकवते. त्याच शाळेतल्या शिक्षकाशी, अभिमन्यूशी, तिचं जमलं. दोन्हीकडची माणसं राजी होती, जातीपातीचं काही नव्हतं, देण्याघेण्याचं काही नव्हतं. फक्त रेश्माच्या आज्जी, गोजरबाई, म्हणाल्या की पत्रिका बघितल्याशिवाय सुपारी फुटायची नाही. रेश्मानं विश्वासाचे म्हणून यांना बोलावलं, आणि मलाही आग्रहानं नेलं.

रेश्माच्या घरी सोप्यात तिच्याकडचे सगळे जमले. हे पिन उपटून, पाट फिरवून बसले. गुण मोजायला सुरुवात करणार, तोच गोजरबाई म्हणाल्या, "गुरुजी, गुण ऱ्हाऊ द्या. पोराचं आयुष्य किती हाय तेवढं आदी बघा."

यांनी अभिमन्यूची पत्रिका उघडली. लॅपटॉप टिंग वाजला आणि पडद्यावर वरच्या बाजूला, अभिमन्यूच्या नावाखालीच, एक पट्टी आली. रेश्माचे वडील रावजी शेजारीच बसले होते. त्यांना वाटलं उत्तर आलं. त्यांनी चष्मा सावरला आणि मोठ्यानं वाचलं, "फारच कमी शिल्लक. अंदाजे दोन मिनिटे उरली आहेत."

आणि पडदा काळा झाला.

गोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. "नावच अभिमन्यू," त्या म्हणाल्या. "मी पयल्यापासनं म्हणत हुते की."

मी म्हटलं, "आज्जी, ती बॅटरीची सूचना आहे. मशीनची. पोराचा काही संबंध नाही."

"तुमी गुरुजींच्या मंडळी. तुमी सारवासारव करणारच."

मग सगळे यांच्याकडे बघायला लागले. यांनी एक शब्द बोलायचा होता. पण हे आपले पूर्वेच्या भिंतीकडे बघत बसलेले. असा संताप आला मला, काय सांगू.

रेश्मा आम्हाला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आली. रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "मॅडम, आज्जी नाही म्हणाली की बाबा पुढे जात नाहीत. आणि अभिमन्यूच्या घरी हे कळलं तर तेच मोडतील. आपल्या पोराच्या मरणाचं बोललेलं कोण ऐकून घेईल?"

गाडीत बसल्यावर मी यांना धारेवर धरलं. हे म्हणाले, "वैजू, बॅटरीचं होतं ते मलाही कळलं. पण नेमकं त्याच क्षणी का? शकुन असाच कशाच्या तरी तोंडून येतो."

"त्याच क्षणी, कारण त्याच क्षणी तुम्ही पिन उपटलीत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप लॅबमध्ये नेला. चार्ज केला, पिन काढली, लगेच पत्रिका उघडली. बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली, आणि पट्टी आली की दोन मिनिटं उरली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पिन काढून थोडं थांबून उघडलं, तर काही नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बॅटरी कमी झाली की नाही हे मशीन टक्क्यांवरून ठरवत नव्हतं, उरलेल्या वेळेवरून ठरवत होतं. आणि वेळ मोजायचं कसं, तर या क्षणी किती वीज ओढली जातेय त्यावरून. बॅटरी जुनी झाल्यामुळे हल्ली पिन काढल्या काढल्या मोजमाप धड झालेलं नसायचं, त्यात पत्रिकेचं गणित सुरू व्हायचं, की अंदाज पार कोलमडायचा. बिचारं स्वतःच्याच अंदाजाला घाबरून बंद पडायचं.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. वीज सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये 'टक्क्यांवरून ठरव' अशा अर्थाची ओळ होती, तिच्यापुढे 'फॉल्स', म्हणजे 'नाही', लिहिलेलं. त्याचं 'ट्रू' केलं. पंधरा टक्क्यांना सूचना, पाच टक्क्यांना शेवटची, असं घातलं आणि तो प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. मग बॅटरी पूर्ण भरली आणि पूर्ण उतरू दिली, म्हणजे तिचे टक्केही खरे आहेत ते कळावं. सूचना पंधरालाच आली.

घरी येऊन यांना दाखवलं. म्हटलं, "गच्चीवरची टाकी अर्धी भरलेली आहे. कुणीतरी नळ क्षणभर जोरात सोडला. त्या धारेकडे बघून कुणी ओरडलं, पाणी दोनच मिनिटांचं राहिलं, तर त्याला काय म्हणाल?"

हे बराच वेळ पिन काढत-लावत बसले. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण मी तिथं जाऊन सांगू काय? या मशीनला स्वतःचं कळत नाही म्हणून? मग याच मशीनमधली पत्रिका उद्या कोण मानेल? आपलं घर त्यावर चालतं."

"आणि त्या पोरीचं लग्न यावर अडलंय."

हे जेवले नाहीत नीट. सकाळी पूजा करून आले, पिशवी उचलली आणि म्हणाले, "चल."

पुन्हा तोच सोपा, तीच माणसं. गोजरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंड फिरवून. यांनी त्यांच्यासमोर पिन काढली, पत्रिका उघडली. काही वाजलं नाही. यांनी टाकीची गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा चांगली सांगितली. म्हणाले, "आज्जी, त्या दिवशी मशीन स्वतःबद्दल बोलत होतं, आणि तेही चुकीचं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी घाबरलो."

गोजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," त्या म्हणाल्या. "यंत्र चुकलं. आता नीट झालंय न्हवं?"

"झालंय."

"मग आता सांगा. पोराचं आयुष्य किती?"

रेश्मा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी मनात म्हणत होते, म्हणा शंभर वर्षं, अहो, म्हणून टाका, तुमचं काय जातंय. पत्रिकेवर विश्वास नसलेली मी, देवाशप्पथ, त्या घटकेला यांनी भविष्य सांगावं म्हणून जीव टांगून बसले होते.

यांनी लॅपटॉप मिटला.

"आज्जी, ते मला दिसत नाही. कधीच दिसलेलं नाही. लोक विचारतात, मी दीर्घायुषी आहे म्हणतो. तो माझा आशीर्वाद असतो, ज्ञान नव्हे. पोराची पत्रिका चांगली आहे, दोघांचे स्वभाव जुळतील. त्याच्या पुढचं मला ठाऊक नाही."

झालं, मी मनात म्हटलं. बुडालं. रावजी मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसले. रेश्मानं डोळे मिटून घेतले.

गोजरबाई भिंतीपासून पुढे सरकल्या. मग हळूच, यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "माज्या लग्नात गुरुजीनं माज्या बाला सांगितलं हुतं, जावई ऐंशी वर्सं गाठंल. ह्यो रावजी पोटात हुता तवा मालक गेलं. बा मरंपातूर त्या पत्रिकेचा कागद काढून बघायचा, वाचाय चुकलो का म्हणून." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मला ठावं न्हाय, एवढं एकानं तरी तवा म्हणायला पायजे हुतं."

मग त्या लेकाकडे वळल्या. "रावजी, पोराच्या घरी फोन लाव. आन् मुहूर्त ह्यांच्याकडनंच काढायचा, दुसरा कुणी नगं."