गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी

सांगायची लाज वाटते, पण सांगते. यंदा मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून नवरा-बायको आमच्या घरी आले. पहिल्यांदाच हळद लावलेली, शेतातून काढून ढीग घातलेला, अन् शिजवायची कशी ते तिकडं कोणालाच ठाऊक नाही. आमच्या गावच्या हळदीचं ऐकून गाड्या बदलत बदलत आले बिचारे. येताना पिशवीभर बोरं आणली.

मी चहा नेऊन दिला. माझं पोरगं खुर्चीत रेलून त्यांना म्हणतं, "त्यात काय शिकाचं? सारी एकाच कढईत टाका, उकळली का उतरवा."

माझ्या हातातली कपबशी वाजली. मधले जाड गड्डे अन् त्यांना फुटलेली बोटाएवढी हळकुंडं कधी एकत्र शिजवतात का? हळकुंडांचा गाळ होतो तरी गड्डा आत कच्चाच राहतो, मग त्याला कीड लागते. पोराला हे पक्कं माहीत. माझ्या भावानं हिंगोलीकडून येऊन, चुलीपुढं बसून शिकवलं होतं त्याला.

ते उठले, तशी मी रीतीनं बाईला कुंकू लावलं, ओटीत आमचीच हळकुंडं घातली. पण पोरासमोर त्यांना तसंच जाऊ दिलं.

ते गेल्यावर पोराला म्हटलं, "काहून रे असं?"

"त्याइनं बी पिकवली त आपला भाव पडन, माय."

"तुह्या मामानं असा इचार केला असता त? मामाकडं गावोगाव हळद झाली म्हणून व्यापारी दारात येते. आपल्याले अजून इकायले हिंगोलीकडंच न्या लागते."

"तुले बाजारातलं काय समजते?"

मी चपला घातल्या अन् फाट्यावर गेले. त्यांची जीप अजून यायची होती. बाईला बाजूला घेऊन सांगितलं, गड्डे वेगळे शिजव, हळकुंडं वेगळी. काडी टोचून पाह्य, सहज घुसली का उतरव.

ती हसली. "तुमची कपबशी वाजली ना मावशी, तवाच मले वाटलं काही तरी राह्यलं." मग हळूच म्हणाली, "दादाले नका सांगू, आमाले सांगतलं म्हणून. तुमालेच बोलन तो."

फसवलं आम्ही, अन् काळजी ती माझी करत होती.

घरी आले तर पोरगं ओसरीवर बसून त्यांचीच बोरं खात होतं. "घे ना माय, गोड हायेत." मला एक तोंडात टाकवलं नाही.