तेल फुल्ल हाय

आमच्या शेजाऱ्यांना गाडीपेक्षा गाडीतलं तेल प्यारं होतं. रोज सकाळी बॉनेट उघडून ते तेलाची पट्टी ओढायचे, फडक्यानं पुसायचे, पुन्हा बुडवायचे आणि दूधवाल्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना दाखवायचे. "बघा की, तेल फुल्ल हाय!"

गाडीखाली फरशीवर मात्र काळा डाग पसरत चालला होता. मी बोट दाखवलं, की म्हणायचे, "त्यो जुना हाय." पुढं गिअर कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी टेपचा आवाज वाढवला.

एकदा गडमुडशिंगीजवळ गिअर पडेचना. मी सोबत होतो. बोलावलेला मेकॅनिक गाडीखालूनच म्हणाला, "गिअरबॉक्स कोरडा पडलाय. आतले दात शिल्लक हायत का, त्ये खोलल्याबिगर कळायचं न्हाय."

"आरं, मी रोज तेल बघतोय की!"

"त्ये इंजिनाचं वो. गिअरचं येगळं असतंय."



दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात होती, तरी सकाळी ते फडकं घेऊन बाहेर आले. रिकाम्या जागेवरच्या डागाकडं जरा वेळ बघत राहिले आणि सरळ माझ्या स्कूटरशेजारी फरशीवर आडवे झाले.

"हितं काय गळत न्हाय," खालून आवाज आला. एवढा हिरमुसलेला आवाज मी त्यांचा कधीच ऐकला नव्हता.